कारण आता सरकारला द्यावं लागतं

१९०९ साली नाशिकचा कलेक्टर या एका खुर्चीत किती अधिकार एकवटले होते, याची आज कल्पना येत नाही. सारावसुली त्याच्याकडे. तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट. पोलिसांवर त्याचा अंमल. छोटे फौजदारी खटले मामलेदार चालवायचे आणि त्या मामलेदारांची बढती-बदली त्याच्या शेऱ्यावर अवलंबून असायची. खालच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर अपील जायचं तेही बऱ्याचदा याच्याकडेच. म्हणजे पकडणारा, पकडायला लावणारा आणि न्याय करणारा असे तिघे एकाच कचेरीत बसायचे.

त्या वर्षी नाशिकमध्ये काय घडलं ते शाळेत शिकलेलंच आहे. देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. घटनेपासून फाशीपर्यंत चार महिनेसुद्धा गेले नाहीत. पाठोपाठ 'नाशिक कटा'चा खटला चालला. ३८ आरोपी, १९०८ च्या खास कायद्याखाली नेमलेलं तीन न्यायाधीशांचं पीठ, ज्युरी नाही आणि अपीलही नाही.

फाशी गेलेल्या त्या तिघांविषयी नाशिककरांच्या मनात काय आहे ते वेगळं सांगायला नको. मला इथे दुसरं काही दाखवायचं आहे. त्या व्यवस्थेत 'का?' हा प्रश्न सरकारला विचारण्याची सोयच फारशी नव्हती. का पकडलं, का डांबून ठेवलं, का फासावर देताय, याचा जाब द्यायचा तो आरोपीने. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपली फौजदारी न्यायव्यवस्था सुधारली असेल, तर ती मुख्यतः याच एका बाबतीत. कारण देण्याचं ओझं हळूहळू, फार हळूहळू, आरोपीच्या खांद्यावरून सरकारच्या खांद्यावर सरकलं. कायद्याची कलमं पाठ करण्यापेक्षा हा एक धागा पकडला तर बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

पहिली सुधारणा सगळ्यात साधी आणि सगळ्यात मोलाची. राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने सांगितलं की न्यायदान आणि कारभार वेगळे करा. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि हे वेगळेपण देशभर आलं. खटले चालवणारे न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या हाताखाली गेले. आज नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या आसपास जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर कचेरी जवळजवळच उभ्या आहेत, पण न्यायदंडाधिकाऱ्याला निकालाबद्दल कलेक्टरला एक शब्दही सांगावा लागत नाही. युरोपियन आरोपींना खटल्यात मिळणाऱ्या खास सवलती १९२३ मध्ये कमी झाल्या आणि १९४९ मध्ये कायमच्या गेल्या. त्याबद्दल एवढंच पुरे.

आता काळाराम मंदिराकडे वळू. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि बाहेर पोलीस उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत सत्याग्रहींना अटकाही झाल्या. सरकारचं बळ उभं होतं ते अडवणाऱ्यांच्या बाजूने. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या कायद्याने मंदिरात जाण्यापासून अडवणं हाच गुन्हा झाला. त्याच कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्यातली एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं कृत्य झालं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवायचं ते अडवणाऱ्याने. पंचवीस वर्षांत त्याच दरवाजापाशी जाब कुणी द्यायचा हे पूर्ण उलटं झालं. प्रत्यक्षात अशा तक्रारी नोंदवून घेताना आजही किती टाळाटाळ होते, हे ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये ज्यांनी धावपळ केली आहे त्यांना विचारा. पण कायद्याची बाजू कोणती, याबद्दल आता शंका उरलेली नाही.

फाशीच्या बाबतीत हा बदल अगदी पावलापावलाने दिसतो. १८९८ च्या जुन्या संहितेत असं होतं की खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाने फाशी न देता जन्मठेप दिली, तर का दिली ते निकालात लिहायचं. फाशी हा नियम आणि जीव वाचवणं हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ती अट काढली. १९७३ च्या संहितेने ती चक्क उलटवली. आता फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणं' लिहावी लागतात. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी द्यावी असं म्हटलं आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करायला सांगितलं. तो कोण आहे, कसा वाढला, सुधारण्याची शक्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय शिक्षा ठरवायची नाही. २०२२ च्या एका निकालाने तर ही माहिती गोळा करून न्यायालयापुढे ठेवण्याची जबाबदारी सरकारी पक्षावरही टाकली.

कागदावर हे छान वाटतं. ते प्रत्यक्षात कुठे फसतं आणि कुठे वाचवतं, हे समजून घ्यायला नाशिकचंच एक प्रकरण आहे. त्यावर थोडं थांबायला हवं.

जून २००३. नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, बलात्कार झाले. वर्णन वाचवत नाही इतकं ते भीषण होतं. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, अत्यंत गरीब. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा फाशी केली. म्हणजे तीन पायऱ्या चढून झाल्यावर सहाही जणांच्या गळ्यात फास होता.

त्या २००९ च्या निकालाने १९९६ च्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला होता. 'गुन्हेगाराकडे नव्हे, गुन्ह्याकडे पाहून शिक्षा द्या' असा त्या जुन्या निकालाचा सूर होता. काही आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच एका वेगळ्या खटल्यात, सांगितलं की तो १९९६ चा निकाल बच्चन सिंगच्या विरुद्ध जातो आणि तो पाळण्याजोगा नाही. चूक तर लक्षात आली होती, पण सहा जण तुरुंगातच होते.

मग २०१४ आलं. तोपर्यंत फाशीच्या फेरविचार याचिका न्यायाधीशांच्या दालनात कागद फिरवून निकाली निघायच्या. वकिलाला उभं राहून बोलायची संधी नसायची. घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात फेरविचाराची याचिका तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात, युक्तिवाद ऐकून ठरवायची. बाहेरच्या माणसाला हा किरकोळ, कार्यालयीन बदल वाटेल. त्याच वाटेने हे सहा जण पुन्हा न्यायालयापुढे आले. २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. फाशी कमी करून जन्मठेप, असं नव्हे. पूर्ण निर्दोष.

पुरावा पुन्हा तपासल्यावर काय दिसलं? हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. ती गोष्ट सरकारी पक्षाने खटल्यात पुढे येऊच दिली नाही आणि त्या चौघांच्या दिशेने तपासही नेला नाही. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. अल्पवयीन मुलाला फाशी देताच येत नाही आणि तरीही तो फाशीचा कैदी म्हणून वर्षानुवर्षं कोठडीत राहिला. हे लोक भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले गरीब मजूर आहेत आणि गंभीर गुन्ह्यांत अशा निरपराधांना गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने निकालात नमूद केलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरवायला सांगितलं.

सोळा वर्षांचे पाच लाख. मला ही रक्कम आजही लाजिरवाणी वाटते. चुकीने तुरुंगात सडलेल्या माणसाला भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. आणि ज्या घरातले पाच जीव गेले, त्या घराचं काय? चुकीचा माणूस पकडला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो. 'आरोपीचे फार लाड होतात' असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी या प्रकरणातल्या पीडित कुटुंबाचा विचार एकदा तरी करावा. आरोपीचे हक्क नीट पाळले असते तर ते चार फोटो न्यायालयात पहिल्याच दिवशी पोहोचले असते, आणि त्याचा फायदा सगळ्यात आधी त्या बाईला झाला असता.

ते सहा जण भटक्या जमातीतले होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, वसाहती, गाव सोडायला परवाना. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला तरी चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय गेली नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतही ती टिकून होती. कुणी झाडू मारायचा आणि कुणी स्वयंपाक करायचा हे काही राज्यांत जातीवरून ठरत होतं आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे नियम होते. एका महिला पत्रकाराने याविरुद्ध याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. २०२४! स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

असे बदल आपोआप झाले नाहीत. एका माणसाने पत्र लिहिलं, एका वकिलाने बातमीचं कात्रण घेऊन याचिका केली, तेव्हा झाले. १९७९ मध्ये बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ माणसं खटल्याविना आत होती. त्यातून जलद खटला हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. १९८३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतल्या महिलांच्या हालांबद्दल पत्र लिहिलं. त्यातून महिलांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेची माहिती कायदेशीर मदत समितीला कळवण्याचे आदेश निघाले.

आणि आपल्याच राज्यातलं मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, की न्यायालय तेच खरं धरतं. संमती होती हे सिद्ध करायचं ते आरोपी पोलिसाने. इथेही तेच घडलं. ज्याच्या हातात सत्ता, जाब त्याने द्यायचा.

कबुलीजबाबाचं मात्र वेगळं आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्यात ठेवला, कारण मारून कबुली घेतली जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं. नव्या साक्ष अधिनियमातही तो आहे. पण संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्कासारख्या खास कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात २००६ मध्ये स्फोट झाले, तेव्हा मोक्काखाली नऊ मुस्लिम पुरुषांना पकडलं गेलं. कबुल्या नोंदल्या गेल्या आणि नंतर त्या मागे घेतल्या गेल्या. बहुतेकांना २०११ मध्ये जामीन मिळाला. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, तोपर्यंत नऊपैकी एक जण हयात नव्हता. सामान्य नियम सुधारत जातात आणि खास कायद्यांच्या मागच्या दाराने जुनी पद्धत परत येते. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली ही सगळ्यात धोक्याची जागा आहे.

आज एखाद्याला पकडलं तर काय होतं, ते समजा पंचवटीतल्या एका पोराच्या उदाहरणाने पाहू. मोबाइल चोरीच्या संशयावरून त्याला रात्री उचललं. पहिली गोष्ट, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. आधी नोटीस द्यायची आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती हे पोलिसांनी लिहायचं. हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून काटेकोर झालं. दुसरं, डी. के. बसू खटल्यातल्या निर्देशांमुळे अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी हे सगळं सक्तीचं झालं. तिसरं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. तिथे पीसीआर (पोलीस कोठडी) द्यायचा, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) द्यायचा की सोडायचं, ते ठरतं. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क. न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

जामीन मंजूर होणं आणि बाहेर येणं यात मात्र मोठं अंतर आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं आणि गरिबाला त्याच्या ऐपतीप्रमाणे, जातमुचलक्यावरसुद्धा सोडता येतं असं सांगितलं. तरी सुरगाणा-पेठहून सातपूर-अंबडला कामाला आलेल्या मजुराला सातबारा असलेला जामीनदार कुठून आणायचा, हा प्रश्न अजून तसाच आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतले जवळपास ७६ टक्के लोक कच्चे कैदी होते. व्यवस्था न्याय्य झाली असं म्हणताना हा आकडा समोर ठेवावाच लागतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांनी काही गोष्टी नक्कीच बऱ्या केल्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर. झडतीचं चित्रीकरण. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं, अर्थात यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून जास्त खटले आहेत ते यातून वगळले आहेत. उलट पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. हे मला पटत नाही. एमसीआरमध्ये गेलेल्या माणसावर परत पीसीआरची टांगती तलवार राहिली, तर तो छळाबद्दल तोंड कसं उघडणार? महाराष्ट्रभरचे फौजदार नाशिकच्या पोलीस अकादमीत घडतात. हे कायदे ठाण्याच्या पातळीवर कसे वापरले जातील, याचा बराचसा निर्णय तिथल्या वर्गांत होत असतो.

सगळ्यात ताजा बदल नोव्हेंबर २०२५ चा आहे आणि तोही महाराष्ट्रातल्या खटल्यातून आलेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं कोणत्याही गुन्ह्यात लेखी द्यायची, आणि तीही अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाही दिला तर अटक बेकायदा ठरते. पंचवटीच्या त्या पोराला मराठीत लिहिलेला कागद मिळायला हवा. त्याच्या घरच्यांनी ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा तोच मागायचा, त्याची प्रत वकिलाकडे द्यायची, आणि वकील नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करायचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठायचं. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते. दाखला मागितला जात असेल तर हे तिथेच सांगा.